तिसरा माइक

पालिकेच्या सभागृहात त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सभेआधी रिकाम्या खुर्च्यांसमोर एकेक माइक तपासत, 'हॅलो, हॅलो' म्हणत फिरायचं हे त्याचं काम. म्हणून अध्यक्षबाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचा तो हॅलोकाका. घरी बायको चिडली की म्हणायची, "हॅलो, इथेही बोला की कधीतरी. इथे फुकट ऐकणारी माणसं आहेत."

पण बोलणं हा त्याचा प्रांत नव्हताच. सभागृहाच्या मागच्या भिंतीत, प्रेक्षकांच्या डोक्यांवर, त्याची लहानशी केबिन होती. समोर सरकती काच. ती तो नेहमी वीतभर उघडी ठेवायचा आणि हेडफोन एकाच कानावर लावायचा. दुसरा कान सभागृहाकडे. कुठल्या सदस्याला तोंड माइकला चिकटवायची सवय आहे, कोण बोलता बोलता मागे सरकतो, कुणाचा आवाज चिडल्यावर चिरकतो, हे त्याला पाठ होतं. माणूस उठायच्या आत त्याच्या माइकची, आवाज कमीजास्त करायची पट्टी जागेवर गेलेली असायची.

आणखी एक कला त्याच्या बोटांत होती. तिचा उल्लेख कुणी करत नसे, पण तिच्यावर सभागृह चालत होतं.

नागरिकांसाठी दाराशेजारी एक उभा माइक होता, तिसऱ्या क्रमांकाचा. तिथे कुणीही येऊन आपलं म्हणणं मांडू शके. काही जण थांबायचंच नाव घेत नसत. त्यांचा माइक मध्येच बंद केला तर आरडाओरडा व्हायचा, दुसऱ्या दिवशी बातमी यायची. म्हणून सचिवसाहेब नुसतं पेन उचलून कपाळाला लावायचे आणि काका पट्टी इतक्या सावकाश खाली आणायचा, की बोलणाऱ्याला वाटावं आपलाच घसा बसला. तो खाकरायचा, अडखळायचा, आटोपतं घ्यायचा आणि 'मला एवढंच सांगायचं होतं' म्हणून खाली बसायचा. कुणाचा अपमान नाही, की गोंधळ नाही. गटाराची तक्रार करता करता शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर घसरणारे, स्वतःच्या कविता वाचणारे, थोडी घेऊन आलेले, सगळ्यांना एकच न्याय. काकाला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. चांगला ड्रायव्हर ब्रेक लावतो ते कुठे कळतं, तसंच हे.

मग शहरात मोठा कारखाना काढलेल्या एका कंपनीचा जम बसला. तिच्याबद्दल वाईट बोलणं अवघड होतं, कारण बहुतेक घरांतलं एकतरी माणूस तिच्याकडे कामाला होतं. बसथांब्यांना छप्पर कंपनीने दिलं. शाळेची बाकं कंपनीची, बागेचं फाटक कंपनीचं, रुग्णवाहिकाही तिचीच. निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या प्रचाराचा खर्च एकाच खिशातून जातो, असं लोक म्हणत. हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, आणि कुणी नाकारलेलंही नव्हतं. शेवटी सभागृहालाही कंपनीने नवी ध्वनियंत्रणा भेट दिली. पडदा, नवे माइक, थंड हवेची नवी केबिन. काकाची सरकती काच गेली आणि तिथे जाड, पक्की बसवलेली काच आली.

यंत्रणेबरोबर ती बसवणारा कंपनीचा एक तंत्रज्ञही आला. पोरगा सालस होता, चहा आणला की दोन आणायचा. पण काकाला त्याच्याकडे बघून झोप लागेनाशी झाली. काकाची नेमणूक कंत्राटी, दरवर्षी नव्याने होणारी. यंत्र आपोआप चालणार असेल आणि ते चालवायला त्याच्याबरोबर माणूसही मिळणार असेल, तर पालिकेला हॅलो म्हणणारा कशाला हवा?

त्यातच दवाखान्याचा ठराव आला. पालिकेचा दवाखाना दीर्घ मुदतीने कंपनीला चालवायला द्यायचा. त्यावर सभा ठरली, आणि सचिवसाहेबांनी काकाला बोलावून घेतलं.

"बसा हो. तुमच्या ताई बोलणार आहेत म्हणे?"

"म्हणतायत खऱ्या."

"बोलावं की. त्यांचा अधिकार आहे. एवढी वर्षं दवाखान्यात मोठ्या सिस्टर होत्या." सचिवसाहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मी काही सांगत नाही हं तुम्हाला. सभेला वेळेचं भान राहावं, एवढंच. ते तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

काका फिरणाऱ्या पेपरवेटकडे बघत होता.

"तुमच्या नेमणुकीचं माझ्याच टेबलावर आहे. तो पोरगा हुशार आहे, पण मी वर सांगितलं, आपला माणूस हवा. आपला म्हणजे कसा? डोळ्यांची भाषा कळणारा."

धमकी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. उलट जाताना साहेबांनी दारापर्यंत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काका जिना उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण कठडा घट्ट धरलाय.

सभेच्या आदल्या संध्याकाळी ताई त्याच्या घरी आली. ती त्याच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि अजूनही त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केल्याशिवाय ती त्याच्याशी बोलत नसे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून ती भाषणाची तालीम करू लागली.

"मी या दवाखान्यात नोकरी केली. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेली माणसं आमच्याकडे यायची. डॉक्टर विचारायचे, कसं झालं? तो सांगायचा, डॉक्टर लिहून घ्यायचे. त्यावर त्याला भरपाई मिळायची. उद्या दवाखाना कंपनीचा, डॉक्टरचा पगार कंपनीचा आणि हातही कंपनीच्याच यंत्रात गेलेला. मग 'कसं झालं' हे विचारणार कोण?" तिने वर पाहिलं. "कसं वाटतंय?"

"ऐकायला बरं आहे," काकाची बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "पण आज त्या दवाखान्यात काय आहे ताई? परवा माझ्या आईला घेऊन गेले तर म्हणाले, चादर घरून आणा. कंपनी आली तर निदान चादर तरी असेल."

"अगं, चादर घरून नेता येते."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. तुमचं पेन्शन सुरू आहे."

"मग काय पेन्शनवाल्यांनीच बोलायचं का? बरं, तसं तर तसं. नोकरीवाल्यांना भीती, धंदेवाल्यांना भीती. राहिलो आम्ही म्हातारे." ताई हसली आणि भावाकडे वळली. "आणि तू रे? तुझी ती कला माझ्यावर चालवू नकोस हं. लोकांचे घसे कसे बसतात ते मला ठाऊक आहे. मी सिस्टर होते, घशातलं मला कळतं."

काका हसला. बायकोची सुरी मध्येच थांबली होती. सचिवसाहेबांशी झालेलं बोलणं तिला त्याने सांगितलं होतं, ताईला नाही.

ताई गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "ताई काही झालं तरी भावाला टाकणार नाहीत. साहेब टाकतील."

हिशेब तिचा बरोबर होता.

सभेच्या दिवशी तो लवकर गेला. माइक तपासले, तिसऱ्या माइकवरचं स्पंजचं टोपण काढून झटकलं, परत बसवलं. केबिनमध्ये तंत्रज्ञ पडद्यावर काहीतरी जुळवत होता.

"आजपासून सगळं आपोआप आहे, काका. तुम्ही नुसतं बसायचं. पट्ट्यांना हात लावायची गरजच नाही."

"पण मी लावला तर चालेल ना?"

"लावा की. तुमचंच आहे." मुलाने पाहुण्यांच्या टेबलाची वायर तपासायची म्हणून पिशवी उचलली आणि तो खाली गेला.

सभागृह भरलं. पाहुण्यांच्या टेबलावर कंपनीचे प्रतिनिधी येऊन बसले. नीटनेटके गृहस्थ, समोर कागदांचा गठ्ठा. नव्या काचेतून सभागृहातलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. नाइलाजाने काकाने हेडफोन दोन्ही कानांवर चढवला आणि ताईचं नाव पुकारल्यावर तिसऱ्या माइकचं बटण दाबून फक्त तोच ऐकू लागला.

ताईने माइकची दांडी आपल्या उंचीला आणली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. तिने मध्ये घेतलेला श्वासही कानात पडत होता. काकाने बोट पट्टीवर ठेवलं.

ती यंत्राच्या पट्ट्यापाशी आली तेव्हा सचिवसाहेबांनी पेन उचलून कपाळाला लावलं.

काकाने काही ठरवलं होतं, असं म्हणणं जरा जास्त होईल. बोट पट्टीवर होतं आणि ते खाली गेलं नाही, इतकंच. उलट त्याने पट्टी एक रेघ वर सरकवली. पेन अजून कपाळालाच होतं. आता साहेब उठतील, आता शिपायाला वर पाठवतील. पण साहेबांनी पेन शांतपणे खाली ठेवलं, खुर्चीला टेकले आणि केबिनकडे बघून किंचित मान हलवली. त्यांनी नाद सोडला, असं काकाने धरलं. कानात ताई विचारत होती, "मग 'कसं झालं' हे विचारणार कोण?" त्याचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने पेनचं ऐकलं नव्हतं.

मग त्याची नजर लोकांवर गेली.

पुढच्या रांगेतला एक जण कानामागे हात धरून वाकला होता. मागच्या रांगेतली बाई शेजारणीला काहीतरी विचारत होती आणि शेजारीण खांदे उडवत होती. एवढा बिनतोड प्रश्न, आणि एकही चेहरा हललेला नाही. असं ऐकणाऱ्यांचे चेहरे नसतात. चेहरे वाचण्यातच त्याचा जन्म गेला होता.

त्याने हेडफोन उतरवला आणि उठून केबिनचं दार उघडलं.

सभागृहातल्या सगळ्या कर्ण्यांतून कागदांची सळसळ ऐकू येत होती. कंपनीचे प्रतिनिधी आपला गठ्ठा चाळत होते. त्यांचा माइक चालू होता. मध्येच ते शेजाऱ्याला म्हणाले, "पान बारा कुठे गेलं?" आणि तेही सगळ्या सभागृहाला खणखणीत ऐकू आलं. त्या सळसळीखाली, लांब दाराजवळून, ताईचा नुसता, माइकशिवायचा आवाज येत होता, शेजारच्या घरात कुणी बोलावं तसा. कळत काहीच नव्हतं.

काका परत पडद्याशी धावला. शोधायला फार वेळ लागला नाही. माइकना पायऱ्या लावून दिल्या होत्या: वर अध्यक्ष, मग पाहुणे, मग सदस्य, सर्वांत खाली नागरिक. वरच्या पायरीवरचा माइक नुसता कुजबुजला तरी खालचा आपोआप दबायचा. पट्टी कितीही वर असो. हेडफोनमध्ये तो ऐकत होता ते दबण्याच्या आधीचं बोलणं. जुनी काच वीतभर उघडी आणि एक कान मोकळा असता तर पहिल्याच वाक्याला त्याच्या लक्षात आलं असतं.

घंटा वाजली. ताईची वेळ संपली होती. जागेवर जाता जाता तिने वर काचेकडे पाहिलं. काकाचा हात पट्टीवर होता. तिने तो पाहिला.

चहासाठी सभा थांबली. सचिवसाहेब स्वतः जिना चढून वर आले.

"मानलं तुम्हाला! मला वाटलं होतं, बहीण म्हटल्यावर हात थरथरेल. काय सफाईने केलंत हो. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

"साहेब, मी..."

"मी समजू शकतो. घरचं माणूस म्हटलं की जड जातंच. तुमचं काम आजच मार्गी लावतो."

ते गेले. नोकरी त्याच्या हातात होती. करायचं काहीच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर त्याला येतच होतं.

तो खाली उतरला. ताई व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. या खेपेला तिने त्याची कॉलर सरळ केली नाही.

"ताई, मी नाही केलं."

"बरं."

"खरंच. मी तर पट्टी वर नेली होती. ते यंत्र आहे ना, ते आपोआप..."

"यंत्राने केलं?" तिने पेला उपडा ठेवला. "मग यंत्राला सांग, खाली येऊन ताईची माफी माग."

"तुझा विश्वास नाही बसत?"

"बसला तरी काय उपयोग? मला माझं भाषण पाठ आहे. मला ऐकू आलं नाही म्हणून काही बिघडलं नाही. ज्यांना ऐकू आलं नाही ते आत बसलेत. त्यांना सांग."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"जाईल," ती म्हणाली. "मी नाही कशी म्हणू? ते तुझं तू बघ." आणि ती आत गेली.

काका परत केबिनमध्ये आला तेव्हा सभा सुरू झाली होती. ठराव मताला टाकण्याची तयारी चालली होती. टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटा माइक होता, केबिनमधून सूचना देण्यासाठी. आग लागली तर लगेच सांगता यावं म्हणून त्याला सगळ्यांच्या वरची पायरी दिलेली होती, अध्यक्षांच्याही वरची. काकाच्या डोळ्यांसमोर बायकोची थांबलेली सुरी आली. त्याने बटण दाबलं.

अध्यक्षबाईंचा आवाज वाक्याच्या मध्येच विरला.

"हॅलो," काका म्हणाला. काही जण सवयीने हसले. "माफ करा. तिसऱ्या माइकवर बाई बोलत होत्या, ते सभागृहाला ऐकू गेलेलं नाही. पाहुण्यांच्या माइकमुळे यंत्राने त्यांचा आवाज दाबला. त्यांनी काय विचारलं ते कुणालाच कळलेलं नाही. त्यांना परत बोलू द्यावं, एवढंच."

त्याने बटण सोडलं. सगळी डोकी मागे वळली होती. दार त्याने उघडं ठेवलं होतं, त्यामुळे खालचं सगळं ऐकू येत होतं.

"ही तांत्रिक बाब आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती नंतर पाहता येईल."

सचिवसाहेब ताडकन उठले. "अध्यक्ष, मला एक गोष्ट निदर्शनास आणायची आहे. त्या बाई यांच्या सख्ख्या भगिनी आहेत. ध्वनिचालकाचा यात सरळसरळ हितसंबंध आहे."

सदस्यांतले सर्वांत वयस्क गृहस्थ हळूहळू उभे राहिले. दोन्ही कानांत यंत्रं असल्याने ते सभेत सहसा डुलक्या घेत. "मलाही काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "मी आपला माझ्या कानांना शिव्या देत बसलो होतो." हशा पिकला. तो ओसरू देऊन ते पुढे म्हणाले, "आणि हितसंबंधांचं म्हणाल, तर आजच्या ठरावावर ज्याचा काहीच हितसंबंध नाही त्यानेच मत द्यायचं ठरलं, तर इथे किती हात वर होतील, साहेब?"

या वेळी कुणी हसलं नाही.

तोडगा काढला तो कंपनीच्या प्रतिनिधींनीच. आपला माइक बंद करून ते हसतमुखाने म्हणाले, "बोलू द्या की बाईंना. आमची काहीच हरकत नाही." त्यांच्या परवानगीने ताई पुन्हा दाराजवळ गेली. तिने फक्त शेवटचा भाग सांगितला. हात कंपनीच्या यंत्रात गेलेला, डॉक्टर कंपनीचा, मग विचारणार कोण? मागच्या रांगेतल्या बाईने ओठांवर हात नेला. शेजारणीला विचारायची गरज उरली नव्हती.

प्रतिनिधींनी उत्तर दिलं. स्वतंत्र समिती नेमली जाईल, डॉक्टरांवर कसलाही दबाव नसेल. समिती कोण नेमणार, असं त्या वयस्क सदस्यांनी विचारलं. तेव्हा, तपशील नंतर ठरवता येतील, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. मग मत घेतलं. ठराव मंजूर झाला. एरवी झटक्यात वर जाणारे काही हात आधी शेजाऱ्याकडे बघून मग वर गेले. काही गेलेच नाहीत, पण ते पुरेसे नव्हते.

लोक उठू लागले तेव्हा तंत्रज्ञ मुलगा वर आला. तो पांढराफटक पडला होता. "काका, पायऱ्या मी नव्हत्या ठरवल्या. यंत्र येतं तेव्हा त्या तशाच लावलेल्या असतात. सगळीकडे तशाच."

"ठाऊक आहे मला," काका म्हणाला.

"साहेब म्हणाले, उद्यापासून तुमच्याकडून सगळं समजून घे."

"ये. सकाळी लवकर ये."

पायऱ्यांवर ताई थांबली होती. दिवस कलला होता आणि कामावरून सुटलेल्या कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक समोरून जात होत्या. कुणी हात केला, कुणी मान वळवली. ताईने त्याची कॉलर धरून सरळ केली, जरा जोरातच.

"तुझी बायको काय म्हणेल?"

"तू सांग ना तिला. तुझं ती ऐकते."

"मी नाही बाबा," ताई म्हणाली. "आज माझं दोनदा बोलून झालंय. आता तूच बोल."

काकाने फोन काढला, घरचा नंबर लावला आणि पलीकडून आवाज येईपर्यंत, रहदारी ऐकू येऊ नये म्हणून, दुसरा कान हाताने झाकून धरला.